कांचनाच्या कळ्या

झाडं बोलत आणि माणसं ऐकत, त्या काळी एका टेकडीवर आपटा आणि कांचन शेजारी राहत. पानं दोघांची सारखीच. दसऱ्याला सोनं म्हणून वाटायला आपट्याची पानं हवीत, म्हणून गावकरी आले आणि कांचनाच्याच फांद्या ओरबाडू लागले.

"अहो, मी कांचन! कळ्या धरल्यात मला!" तो ओरडला. "आपट्या, सांग ना यांना!"

आपटा गप्प राहिला.

"वाटताना कोण बघतंय?" गावकरी हसले.

दसरा झाल्यावर ठकूबाई भाजीसाठी कळ्या खुडायला आली. कांचनाला एकही कळी उरली नव्हती. तिनं त्याच्या जखमांना शेणमाती लावली.

"त्यांचं सोनं उकिरड्यावर पडलंय बघ!" कांचन धुमसत म्हणाला.

"मेले आंधळेच!" ठकूबाई वळली. "आणि तू रे आपट्या? शेजारीच उभा होतास ना?"

एरवी रात्री मिटणारी आपली पानं आपट्यानं भरदुपारीच मिटून घेतली.