नऊ नंबरचं टूल

एका औद्योगिक वसाहतीत एक सेटर होता, म्हणजे मशीन कामासाठी जुळवून देणारा कारागीर. नाव इरगोंडा. हात असा चलाख, की दुसऱ्याला दिवस लागेल ते काम हा जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचा. आणि उरकलं की चार जणांना ऐकवायचा. एवढाच काय तो दोष, बाकी माणूस सरळ.

त्याच्या ताब्यात कॉम्प्युटरवर चालणारं मोठं मिलिंग मशीन होतं. या मशीनला टूल बदलून द्यायला माणूस लागत नाही. बाजूला एक गोल चक्र असतं. त्यात चोवीस घरं, आणि प्रत्येक घरात एक टूल. कुठे ड्रिल, कुठे कटर. एक लोखंडी हात येतो, जुनं टूल काढतो, नवं बसवतो, आणि आपण शिंकून नाक पुसेपर्यंत मोकळा होतो. पण मशीनला डोळे कुठले? कोणत्या घरात कोणतं टूल आहे आणि ते किती लांब आहे, हे सेटर सांगेल तेच खरं. सेटर चुकला, तर मशीन ती चूक अगदी मन लावून करतं!

म्हणून तिथले म्हातारे फोरमन तवनाप्पा यांनी एक रीत घातली होती. सेटिंग झालं, की सेटरनं आपला भरलेला जेवणाचा डबा मशीनच्या टेबलावर ठेवायचा. मग एकेक टूल त्या डब्यावर उतरवायचं. आकडे बरोबर असतील तर टूल झाकणाच्या एक बोट वर थांबणार. चुकले असतील तर डबा गेला, आणि सेटर उपाशी.

एके दिवशी खडकेवाडीच्या पंपाची बॉडी कामाला आली. गावाचा पाण्याचा पंप फुटला होता. नवी बॉडी ओतून आणलेली, फक्त तासून भोकं पाडायची बाकी. ती बिघडली असती, तर दुसरी ओतायला तीन आठवडे. तोवर गावानं काय करायचं? चार दिवसांतून एकदा टँकर, आणि त्याच्यापुढे घागरींची ही रांग. सरपंच हिराक्का स्वतः टेम्पो घेऊन आल्या होत्या. सकाळपासून फाटकाशी बसलेल्या. दर पंधरा मिनिटांनी खिडकीत येऊन विचारायच्या, "झालं का ओ दादा?"

"झालंच, आक्का. माझ्या हातात काम आहे म्हटल्यावर काय काळजी!" इरगोंडा म्हणायचा.

बोलला खरा. पण अशाच एका उत्तरापायी जरा गंमत झाली होती. अकराच्या सुमाराला त्यानं चक्रातून दोन टूल बाहेर काढली, नऊ नंबर आणि चौदा नंबर. बुडाला लोखंडाचा चुरा चिकटला होता, तो पुसायला. दोन्ही ड्रिलच, पण चौदा नंबरचं नवापेक्षा चार बोटं लांब. तेवढ्यात खिडकीतून हाक आली, "झालं का ओ?" यानं मान वळवली, उत्तर दिलं आणि बोलता बोलता टूल घरात सरकवून दिली.

आता कुठलं कुठं सरकवलं?

बरोबरच ठेवलं असणार, त्यानं मनाशी म्हटलं. इतकी वर्षं काय उगाच काम केलं? पण मन काही गप्प बसेना. आकडे भरताना नवाशी अडखळलं. फडक्याला हात पुसताना चौदाशी. चक्राचं मागचं झाकण उघडून एकदा पाहिलं असतं तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण झाकण उघडलं, की सगळे विचारणार, "का रे इरगोंडा, काय झालं?" आणि इरगोंडाला कधी काही होत नसतं ना!

तवनाप्पा आले. घड्याळाकडे पाहिलं, खिडकीतल्या हिराक्कांकडे पाहिलं. "चोवीस टूल डब्यावर उतरवायची म्हणजे पाऊण तास जाईल," ते म्हणाले. "माणसं ताटकळलीत बिचारी. आज एकच उतरव. कुठलं, ते तू ठरव."

इरगोंडाचा जीव भांड्यात पडला. एकच! "तीन नंबर," तो लगेच म्हणाला. तीन नंबर त्यानं दोनदा मोजलं होतं.

पंपाची बॉडी टेबलावर आवळून बसवलेली होती. तिच्या शेजारी त्यानं डबा ठेवला. लोखंडी हात फिरला, तीन नंबर आलं, खाली उतरलं आणि झाकणावर बरोबर एक बोट थांबलं. तवनाप्पांनी बोट घालून पाहिलं. "बरं," ते म्हणाले. ऑपरेटर शैलानं दार लावलं आणि हिरवं बटण दाबलं. खिडकीत हिराक्कांनी हात जोडले.

इरगोंडा डबा घेऊन बाकावर बसला. झुणका होता, भाकरी होती, मिरचीचा ठेचा होता. पहिला घास मोडला आणि मशीनकडून आवाज आला. खट्! एक नंबर लागलं.

घास तोंडात फिरत राहिला. खट्! दोन नंबर. पाणी प्यायला. खट्! तीन. हे तर ठीकच आहे, हे तपासलंय. मग घाम का फुटतोय? मशीन आपल्या चालीनं पंपाची बॉडी तासत होतं. ठरल्या वेळेला तो लोखंडी हात फिरत होता, आणि दर वेळी इरगोंडाचा हात घासावरच थांबत होता. पाच. तो उठून उभा राहिला. सहा. परत बसला. नऊ नंबरला बोटभर खोल भोक पाडायचं होतं. तिथं चौदा नंबरचं लांबडं ड्रिल आलं तर? बॉडीच्या बुडातून आरपार!

सात.

खिडकीत हिराक्का कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, "संध्याकाळपर्यंत पाणी येतंय बघ. घागरी घासून ठेव."

खट्! आठ.

"थांबव! अगं शैला, थांबव!" इरगोंडा ओरडला आणि स्वतःच धावत जाऊन लाल बटणावर थाप मारली. मशीन जागच्या जागी थबकलं.

"का रे इरगोंडा, काय झालं?" तवनाप्पांनी विचारलं. सकाळपासून तो ज्याला भीत होता, तोच प्रश्न.

"नऊ आणि चौदा मी बाहेर काढली होती, आप्पा. परत कुठं कुठलं ठेवलं, मला ठाऊक नाही."

हिराक्का दारातून आत आल्या. "मग मघाशी का नाही बोललास?"

"लाज वाटली, आक्का."

इरगोंडानं डब्याचं झाकण लावलं. आत जेवण जवळजवळ तसंच होतं. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "शैला, नऊ नंबर उतरव. हळू."

लोखंडी हात फिरला. टूल खाली आलं. झाकणाच्या एक बोट वर ते थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही. झाकण फोडून, भाकरी फोडून ड्रिल तळापर्यंत गेलं आणि ठेचा टेबलभर उडाला.

हिराक्का डब्याकडे पाहत राहिल्या. मग शेजारच्या पंपाच्या बॉडीवर त्यांनी हलकेच हात ठेवला. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या.

तवनाप्पांनी आपला डबा आणून इरगोंडाच्या हातात दिला. "दोन्ही टूल आपापल्या घरात घाल. आणि आता चोवीसच्या चोवीस उतरव, माझ्या डब्यावर. एकच उतरव म्हणालो, तिथं माझंही चुकलं."

चोवीस टूल उतरली, चोवीस वेळा मध्ये बोट गेलं. दिवस कलायच्या आत पंपाची बॉडी टेम्पोत चढली. निघताना हिराक्कांनी फडकं सोडून दोन भाकरी इरगोंडासमोर ठेवल्या. "खा," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या खेपेला लाज वाटली, की तेव्हाच ओरड. आमची घागर तुझ्या लाजेवर नको बाबा!" इरगोंडा मान खाली घालून जेवला. पण त्या दिवसातला तोच पहिला घास सरळ गळ्याखाली उतरला.

तो भोक पडलेला डबा अजून त्या मशीनशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. सेटिंग झालं, की तवनाप्पा सेटरला आधी विचारतात, "कुठलं टूल खुपतंय?" मग तेच पहिलं डब्यावर उतरतं, आणि बाकीची त्याच्यामागून.

तात्पर्य: खात्रीची गोष्ट पुन्हा तपासली तर फक्त मनाची समजूत निघते; जिथं शंका खुपते, तिथंच पहिला हात घालावा, मग चारचौघांत मान खाली गेली तरी चालेल.