सुईची उडी

यंत्रं एकमेकांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. खाडीकाठच्या गावांत लग्नाच्या हळदीला गाणी वाजवणाऱ्या हसुरामकडे एक जुनं टर्नटेबल होतं. लोक नाचायला लागले की स्टेज हादरायचं आणि रेकॉर्डवरची सुई उडी मारायची. म्हणून हसुराम त्याच्याखाली गोधडीची घडी घालायचा.

एकदा त्यानं रेकॉर्डशिवाय गाणी वाजवणारा नवा डिजिटल कंट्रोलर आणला. "आजची हळद झाली की हे म्हातारं माळ्यावर," असं बायकोला सांगत त्यानं दोघांना शेजारी मांडलं. सवयीनं जुन्याखाली गोधडी घातली, नवा नुसत्या टेबलावर.

"आजोबा, मला सुईच नाही," कंट्रोलर दिवे मिचकावत म्हणाला. "लोकांनी कितीही उड्या मारू देत, माझं गाणं अडखळत नाही."

"मग लोक नाचतायत हे तुला कळतं कसं?"

कंट्रोलर गोंधळला. "गाणं चालू आहे म्हणजे नाचतच असणार ना?"

"काय की बाबा. माझ्या सुईला कळतं."

गाण्याला गाणं आपोआप जोडलं जात होतं, पण कंट्रोलरला चैन पडेना. शेवटी त्यानं विचारलं, "आजोबा, आत्ता नाचतायत का हो?"

"कधीचं कुणीच नाही रे. पंगत बसलीय. हसुरामही जेवायला गेलाय."

कंट्रोलरचे दिवे तसेच नाचत राहिले. ते थांबवायचे कसे, हेही त्याला कळेना.

"लोक परत आले की सांगाल ना मला?"

"आज सांगेन," टर्नटेबल म्हणालं. "उद्यापासून कुणाला विचारशील?"