येसाक्काचा काढा

आपल्या पणजोबांनाही जी गोष्ट जुनी वाटायची, ती ही गोष्ट.

तेव्हा निंबवझर गावात येसाक्का नावाची वैदीण राहायची. तिने कपाळावर हात ठेवला की ताप लाजून निघून जायचा, असं म्हणतात. पण एका गोष्टीला ती फार वैतागली होती. ती पोराला विचारायची, "कुठं दुखतंय रे?" आणि उत्तर द्यायचा बाप. ती म्हणायची, "जीभ दाखव," आणि जीभ बाहेर काढायची आई. आता काय म्हणावं या माणसांना!

त्याच गावात धोंडजी तेल्याचा घाणा होता. त्याचा मुलगा सिद्राम दूरच्या पेठेत राहून मोडी, हिशेब, मोजणी असं सगळं शिकून परत आला. गावातला एवढं शिकलेला तो पहिलाच. मग काय विचारता! बाप म्हणाला, "सरदाराच्या वाड्यावर कारकून हो." चुलता रायाप्पा म्हणाला, "कारकुनीत काय आहे? दुकान टाक." आई म्हणाली, "काहीही कर, पण जेवायला घरी ये." ज्यांची स्वतःची पोरं दिवसभर पारावर लोळायची, तेसुद्धा त्याला रस्त्यात अडवून शहाणपण सांगायचे. सिद्राम तोंड उघडायचा, की दुसरं कुणीतरी बोलायला लागायचं.

एके दिवशी त्याने तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. रेटून रेटून तो पार पोटात जाऊन बसला होता. त्याच्या पोटाला कान लावला तर आत कुणीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू यायचं, असं म्हणतात.

धोंडजी घाबरला. पोरगं कारकून म्हणून देतो, असा शब्द त्याने वाड्यावर दिला होता, आणि सरदाराचा माणूस त्याच दिवशी दिवेलागणीला यायचा होता. पोराने स्वतःच्या तोंडाने हो किंवा नाही म्हणायचं होतं. ते जमलं नाही, तर बापाचा शब्द धरून तो सिद्रामला घेऊन जाणार होता. वाड्यावर एकदा नाव लागलं की माणूस म्हातारा होईपर्यंत सुटत नसे. सगळं घर सिद्रामला घेऊन येसाक्काच्या अंगणात आलं आणि मागोमाग गावही आलं.

"कधीपासून आवाज गेलाय?" तिने सिद्रामला विचारलं. "खुणेनं सांग."

"अक्का, त्याचं असं झालं..." बापाने सुरुवात केली.

"थंड पाणी प्यायला असणार," आई म्हणाली.

"मी आधीच सांगितलं होतं," रायाप्पा म्हणाला.

येसाक्काने कपाळावर हात मारला. मग तिने काडेचिराईताचा मोठं भांडंभर काढा उकळला, निववला आणि तांब्याने वाटायला घेतला. तो काढा इतका कडू होता की त्याच्या वाफेनेच माश्या पळाल्या.

"तोंडात भरा. गिळायचा नाही, थुंकायचा नाही."

"अगं अक्का, आजारी तो आहे! औषध आम्हाला कशाला?" धोंडजी म्हणाला.

"ज्याला रोग त्याला औषध. भर तोंड!"

सगळ्यांनी तोंडं भरली. एवढी शांतता झाली की भिंतीवरून चालणाऱ्या मुंग्यांची पावलं ऐकू येऊ लागली. आणि त्या शांततेत सिद्रामचा आवाज वर सरकायला लागला. पोटातून छातीत आला, छातीतून गळ्यापर्यंत आला.

"मला," सिद्राम म्हणाला, "मला ठाऊक नाही."

रायाप्पाने पचकन काढा थुंकला. "बघा! म्हटलं नव्हतं मी? म्हणून म्हणतो दुकान..."

आवाज सर्रकन पुन्हा पोटात गेला.

"रायाप्पा," येसाक्का म्हणाली, "तू जन्मताना मीच तुला उलटा धरून रडवलं. चूक झाली माझी." तिने त्याच्यासाठी तांब्या पुन्हा भरला.

सूर्य कलला. वेशीकडून घोड्याच्या टापा ऐकू यायला लागल्या. धोंडजीचे गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तो हलला नाही. आवाज पुन्हा हळूहळू वर आला.

"मला ठाऊक नाही," सिद्राम म्हणाला. कुणीच काही बोललं नाही, तेव्हा तो पुढे बोलला. "पण पेठेत पाथरवट बारव, पायऱ्यांची दगडी विहीर, बांधत होते. मी रोज संध्याकाळी तिथं बसायचो. वर्षभर त्यांच्या हाताखाली राहून बघायचंय. नाही जमलं तर येईन परत, आणि तसं सांगेन."

सरदाराचा माणूस अंगणात उतरला. "काय धोंडजी, पोरगं द्यायचं ना?"

सगळ्यांनी धोंडजीकडे पाहिलं. काढा थुंकून त्याला "हो" म्हणता आलं असतं. धोंडजीने डोळे मिटले आणि तो कडू घोट गिळला. मग मुलाकडे वळून त्याने एवढंच विचारलं, "तुला माझ्याकडून काय लागेल?"

"छिन्नी," सिद्राम म्हणाला. सरदाराच्या माणसाला त्यातच उत्तर मिळालं. त्याने घोडा वळवला.

सिद्रामची पहिली बारव गळकी निघाली, असं म्हणतात. दुसरीचं पाणी मात्र गाव अजून पितं. येसाक्का मेलीच नाही, असंही म्हणतात. एवढी बडबड ऐकून ती एक दिवस झाडपाल्याची पिशवी घेऊन डोंगरात निघून गेली, झाडं कमी बोलतात म्हणून.

निंबवझरला आजही मुलांचे निकाल लागले, कुणाची पदवी हाती आली, की येसाक्काच्या अंगणात काढा उकळतो. आई-वडील, काका, आत्या, सगळे तोंड भरून बसतात. मूल बोलतं. "ठाऊक नाही" म्हणालं तरी बसून राहायचं. त्याचं संपलं की घोट गिळायचा आणि धोंडजीचा तो एकच प्रश्न विचारायचा, दुसरा नाही.

गेल्या वर्षी एका मुलीचं बोलणं पूर्ण व्हायला दुपार झाली. तिच्या मामांना काढा पाच वेळा पुन्हा भरावा लागला.

पण झालं तिचं बोलून.