पोकळी रुसली तेव्हा

फार फार पूर्वी आभाळातल्या चांदण्या मधल्या पोकळीला उठता-बसता टोचून बोलायच्या, "अगं, तुझ्यात आहे काय? उगाच जागा अडवून बसलीस. सरक की जरा!"

शेवटी पोकळी वैतागली. "तुमच्या कटकटीनं डोकं उठलंय माझं. घ्या, बसा खेटून!" म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

चांदण्या एकमेकींना चिकटल्या. आभाळात नुसता पांढरा ढिगारा झाला.

खालून पिल्लांना घेऊन लांबच्या तळ्याकडे निघालेला करकोचा ओरडला, "अगं बायांनो, ते सात चांदण्यांचं बाजलं कुठं गेलं? त्याच्याकडं बघून तर वाट काढतो मी! पिल्लं भलतीकडंच वळली ना माझी!"

"आम्ही इथंच आहोत!" ढिगाऱ्यातून सातजणी ओरडल्या.

"इथं म्हणजे कुठं?" करकोचा कावला.

सातजणींपैकी एकीलाही सांगता येईना.