ठमाबाईचं अर्धं सूप

बसा रे, बसा. घंटा काही इतक्यात व्हायची नाही. अजून तिघं परत यायचेत, आणि ते आल्याशिवाय पाळकसाहेबसुद्धा वेदीकडे पाऊल टाकणार नाहीत. हंगामाच्या सणाला बोरदरा गावची रीतच आहे ती. तोवर ही रीत कुणामुळं पडली ते ऐका. आणि माझ्याकडं असं बघू नका. मला कुठं जायचं नाही. मी आपली गोष्ट सांगणारी.

फार वर्षं झाली. या देवळावर कौलं नव्हती, गवताचं छप्पर होतं, तेव्हाची गोष्ट. ठमाबाई नावाची एक सुईण गावात राहायची. तिच्या हाताला मोठा गुण. पोटात आडवं आलेलं मूल तिनं तेलाचा हात फिरवला की सरळ व्हायचं. असं म्हणतात, की मुलं पोटातूनच तिचा आवाज ओळखायची.

तिला लिहिता-वाचता काही येत नव्हतं. पण रविवारी पाळक येशूच्या शास्त्रातलं जे वाचायचे, ते ती घरी जाऊन करायची. बस, एवढंच. आजाऱ्याला भेटावं असं ऐकलं, की दुपारी पेजेचं भांडं घेऊन निघालीच. दोन असतील त्यानं एक द्यावं असं ऐकलं, की सोमवारी तिचं लुगडं दुसरीच्या अंगावर. गाव हसायचं. नवरा कपाळाला हात लावायचा. "अगं बाई, पाळक नुसतं वाचतात! सगळं करायचं थोडंच असतं?"

"मग वाचतात कशाला?" ती विचारायची.

नवरा आपला शेताकडं निघायचा.

पण एका बाबतीत ही बाईसुद्धा अडली होती. नदीपलीकडं वाघेवस्तीवर तिची सख्खी थोरली बहीण, राहीबाई. एकीला ठेच लागली तर दुसरीच्या डोळ्यांत पाणी, असा दोघींचा जीव. आणि त्या दोघींचं सात वर्षं बोलणं बंद!

झालं होतं ते असं. राहीबाईची सून दीना, तिचं पहिलं बाळंतपण. बोलावणं आलं तेव्हा ठमाबाई दारात बाजरी पाखडत बसलेली. पहिलटकरीण आहे, वेळ लागतोच, एवढं सूप उरकते आणि निघते, असं तिनं मनाशी म्हटलं. ते सूप उरकलं. मग आणखी थोडीच राहिली म्हणून दुसरं घेतलं. ती वाघेवस्तीवर पोचली तोवर बाळ दगावलं होतं.

राहीबाई एवढंच म्हणाली, "उशीर केलास, ठमे."

आणि ठमाबाई म्हणाली, "निरोपच उशिरा आला."

खोटं बोलली. आपली ठमाबाई, बरं का! तोंडातून गेलं ते गेलं, आणि मग परत घ्यायची लाज वाटली. पुढं वर्षामागून वर्षं गेली. ती लोकांच्या लेकी-सुना सोडवत राहिली, पण वाघेवस्तीच्या वाटेला पाय वळला नाही. घरात सूप हातात घेतलं की ती ते अर्ध्यातच खाली ठेवायची. नवऱ्याला वाटायचं, वय झालं.

सातव्या वर्षी असाच हंगामाचा सण आला. हस्ताचा पाऊस कोसळून गेलेला, नदी दोन्ही काठ धरून चाललेली. गाव आपापल्या टोपल्या घेऊन देवळात आलं. ठमाबाईच्या टोपलीत नवी बाजरी होती. पाळकांनी शास्त्र उघडलं आणि वाचलं, की देवापुढं काही घेऊन आलात, आणि तिथंच आठवलं की आपल्या माणसाचं मन आपल्यामुळं दुखलंय, तर आणलेलं तिथंच सोडावं. आधी जाऊन त्याच्याशी गोड व्हावं, मग येऊन वाहावं.

वाचून झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दरवर्षीच डोलवायचे. मग अर्पणाची रांग लागली, ठमाबाई तिसरी. तिनं टोपली खाली ठेवली, वेदीकडं जायच्या ऐन वाटेवर, आणि वळून दाराकडं चालू लागली.

"अहो ठमाबाई," पाळक गडबडले, "अर्पण तरी होऊ द्या. दोन मिनिटांचं काम!"

ती उंबऱ्यात थांबली. म्हणाली, "साहेब, असंच एकदा दोन मिनिटांचं काम उरकत बसले होते मी."

आणि गेली.

काठावरच्या माणसांनी हात जोडले, बाई, उतरू नका, नदी नेईल. ती उतरलीच. असं म्हणतात, की पाणी तिच्यापुरतं खाली बसलं. माझी आजी म्हणायची गुडघाभर झालं. आजीची सासू म्हणायची, छे, लुगड्याचा काठसुद्धा भिजला नाही. तुम्हाला पटेल ते घ्या. मी तर काठ कोरडाच धरते.

राहीबाई दारातच होती. ठमाबाईनं ना सलाम केला, ना खाली बसली. उभ्या उभ्याच म्हणाली, "अक्का, निरोप वेळेवर आला होता. मी बाजरी पाखडत बसले. उशीर मीच केला, आणि वर खोटं बोलले."

एवढ्यात आतून कण्हणं ऐकू आलं. दीना! सात वर्षांनी पुन्हा दिवस गेलेले, कालपासून अडलेली, मूल आडवं. त्यांची नेहमीची सुईण पुरामुळं दुसऱ्याच गावात अडकलेली. ठमाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं हो. ती फक्त माफी मागायला आली होती.

"मला ठाऊक होतं गं," राहीबाई रडत म्हणाली, "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आत ये. माझी सून वाचव."

ठमाबाईनं हात धुतले, तेल घेतलं, पोटावर हात ठेवला आणि बोलायला लागली, "ये बाळा, या खेपेला मी आधीच आलेय." असं म्हणतात, की मूल तिच्या आवाजाकडं वळलं. मुलगी झाली. दीनाही वाचली.

आणि इकडं देवळात? वाटेवर टोपली. ती ओलांडून पुढं कोण जाणार? अन्न आहे, ओलांडायचं नसतं. पाळक बसले, गाव बसलं. तासभर ती टोपली नुसती सगळ्यांकडं बघत होती म्हणा ना. मग एक म्हातारा खाकरला, आपली टोपली तिच्याशेजारी ठेवून बाहेर पडला. भावाकडं गेला. मागून एक सासू उठली. मग दोघं, चौघं. दिवस कलायला दोघी बहिणी हातात हात घालून परत आल्या तेव्हा देऊळ अर्धं रिकामं, आणि वाटेवर टोपल्याच टोपल्या. असं म्हणतात, चिमण्या आढ्यावर ओळीनं बसून होत्या, पण दाण्याला एकीनंही चोच लावली नाही.

तेव्हापासून हंगामाच्या सणाला या वाटेवर हे सूप ठेवतात. नीट बघा, अर्धी बाजरी पाखडलेली, अर्धी तशीच. ती मुद्दाम तशीच सोडायची. ज्याचं कुणाशी काही राहिलंय त्यानं आपली टोपली सुपाशेजारी ठेवायची आणि जायचं. कुणी विचारत नाही कुठं निघालात. शेवटचा माणूस येईपर्यंत घंटा नाही, मग दुपार होवो नाहीतर संध्याकाळ. याला आमच्यात ठमाबाईची वेळ म्हणतात.

ते बघा, आले तिघंही. डोळे लाल झालेत, पण चेहरे कसे हलके दिसतायत! चला, दोर ओढा घंटेचा.

थांबा. जरा थांबा.

माझी जाऊ, शेवंता. तिकडं शाळेमागं राहते. तिच्या लेकीच्या लग्नात मी भरल्या मांडवात तिला नाही ते बोलले. त्याला वीस वर्षं झाली. आणि वीस वर्षं मी या पायरीवर बसून ही गोष्ट सांगतेय, म्हणजे कुणी विचारू नये की एस्तेरमावशी, तू का गं उठत नाहीस?

ही माझी टोपली उचलू नका कुणी. राहू दे तिथंच, सुपाजवळ. पाळकसाहेब, बसा थोडं. पाय दुखतात, मला यायला वेळ लागेल.