बिनहातांच्या बाईच्या बांगड्या

“ठकू, या बांगड्या हिच्या हातांत घाल,” राजे बजाजीराव म्हणाले आणि ठकूपुढं पेच पडला. कारण हिला हातच नव्हते.

‘ही’ म्हणजे संगमरवराची ग्रीक बाई. माणसाएवढी उंच, नाकीडोळी नीटस, आणि दोन्ही खांद्यांच्या पुढं काही नाही. खडकमाळ संस्थानचे हे राजे लवाजम्यासह ग्रीस देश बघायला आले होते आणि सकाळपासून त्यांनी अथेन्सच्या बाजारात धुमाकूळ घातला होता. पितळी घुबडं सतरा, समुद्रातले स्पंज पोतंभर, जैतुणाच्या तेलाचे साबण तर इतके की अख्खं खडकमाळ तीन पिढ्या आंघोळ करील. सगळ्यात शेवटी ही मूर्ती आणि तिच्यासाठी सोन्याच्या दोन बांगड्या. भाव करायचा नाही आणि माल उलटून पाहायचा नाही, असा राजांचा बाणा. त्यामुळं स्टाव्हरो नावाच्या दुकानदारानं गळ्यापर्यंत गवतात गुंडाळून ठेवलेली मूर्ती त्यांनी नुसतं तोंड बघून घेतली होती.

आता मुक्कामाच्या वाड्याच्या अंगणात गवत काढलं, तर दिवाणजींसकट सगळे मानकरी “वा, वा” करत उभे. बोलायची कुणाची टाप नव्हती. ठकू मात्र वीस वर्षं राणीसाहेबांना लुगडी नेसवणारी दासी, तिची जीभ कुणाच्या बापाला ऐकायची नाही.

“घालते की महाराज,” ती म्हणाली, “कुठं घालू तेवढं सांगा.”

राजांनी मूर्तीकडं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग त्यांचे कान लाल झाले.

“हात कुठायत हिचे?”

दिवाणजी आभाळातले ढग मोजू लागले. दुभाष्यानं चाचरत सांगितलं, की हात दोन हजार वर्षांपूर्वीच हरवलेत.

“मग द्या परत करून,” राणीसाहेब म्हणाल्या. त्यांना ती बाई पहिल्यापासूनच आवडली नव्हती, अंगावर कापड फारच कमी होतं.

“घेतलेला माल आम्ही परत करत नाही. दसऱ्याच्या दरबारात ही उभी राहणार. उंबरठाण्याच्या राजाला आम्ही पत्र धाडूनसुद्धा झालं. तो येणार आणि पहिलं हेच विचारणार. आमचं नाक कापलं जाईल.” राजे ठकूकडं वळले. “तोंड तू उघडलंस, आता हात तूच शोधायचे. दिवेलागणीला बोट सुटते. त्याच्या आत हिला दोन्ही हात मिळाले तर चढ बोटीत. नाही मिळाले, तर बस इथंच शोधत.”

ठकूच्या लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलं होतं. निघताना पोरीनं दहा वेळा बजावलं होतं, “आये, वेळेवर ये हं.” आणि इथं आये दगडाचे हात हुडकत बसणार!

दुभाष्याला घेऊन ती बाजारात गेली. स्टाव्हरोनं हातांची पाटीच पुढं केली. एक हात पैलवानाचा, मूठ वळलेला. एक तान्ह्या पोराचा, गुबगुबीत. दोन अगदी नाजूक, पण दोन्ही डावे. आणखी एक स्टाव्हरोनं खास आतून आणला, दोन हजार वर्षं जुना म्हणून. ठकूनं बोट लावून पाहिलं, तर चुना अजून ओला.

तेवढ्यात बाजारभर बातमी पसरली, की एक परदेशी बाई हात शोधतेय. जो तो टोपली घेऊन धावत आला. एकानं तर पाय आणला. हात म्हणून चालवून घ्या म्हणे.

दमून ठकू एका म्हातारीच्या पथारीशी टेकली. म्हातारी निळे, डोळ्यासारखे मणी विकत होती. पोराबाळांना दृष्ट लागू नये म्हणून तिकडं ते गळ्यात बांधतात. येणाऱ्या नातवंडासाठी ठकूनं एक मणी निवडला. म्हातारी काळी शाल लपेटून बसलेली, हात आत. ठकूनं पैसे पुढं केले तेव्हा कुठं शालीतून एक हात बाहेर आला आणि पैसे घेऊन पुन्हा आत गेला.

ठकू बघतच राहिली. मग एकदम उठली आणि मुक्कामाकडं पळत सुटली.

“राणीसाहेब, तुमचं एक लुगडं द्या. हिरवं, जरीकाठी.”

“कुणाला?”

“त्या बिचारीला. थंडी वाजत असेल.”

राणीसाहेबांनी दोन दिली असती. ठकूनं मूर्तीला लुगडं नेसवलं. काष्टा काही घालता येईना, दगडी बाई पाय हलवायला तयार नव्हती. पण पदर मात्र डोक्यावरून आणि दोन्ही खांद्यांवरून असा चापूनचोपून घेतला, की बाई थेट खडकमाळची दिसू लागली.

दिवेलागणीच्या आधी राजे आले. “मिळाले हात?”

“मिळाले महाराज. पदराखाली आहेत.”

“दाखव.”

“आपणच पदर बाजूला करून बघा की. राणीसाहेबही इथंच आहेत.”

राजांनी हात पुढं केला. राणीसाहेबांचे डोळे पाहिले. हात मागं घेतला.

“उंबरठाण्याच्या राजालाही हेच सांगा, महाराज. भर दरबारात खडकमाळच्या बाईचा पदर ओढायची त्याची छाती आहे का?”

राजांच्या मिशा हलल्या, पण हट्ट काही सुटला नाही. “बरं. पदर आम्ही ओढत नाही. पण हात आहेत म्हणतेस ना? मग सकाळचं काम राहिलंय. घाल बांगड्या.”

आता सापडली, म्हणून दिवाणजी खूश झाले.

ठकूनं बांगड्या उचलल्या आणि ती मूर्तीच्या मागं गेली. पदर हलला, आत थोडी खुडबुड झाली. मग पदराखालून दोन हात बाहेर आले. सावळे, राबून खरबरीत झालेले, मनगटावर गोंदलेले, आणि त्यांत सोन्याच्या दोन बांगड्या. हात राजांसमोर अदबीनं जोडले गेले.

“अगं, हे तर तुझे हात!”

“सकाळपर्यंत माझे होते, महाराज,” मूर्तीच्या मागून आवाज आला. “आपली आज्ञा झाली, हिचे करून टाकले. आता मूर्ती बोटीत चढली की हात मागं कसे राहतील?”

राजे हसत सुटले. इतके, की पागोटं घसरून नाकावर आलं आणि राणीसाहेबांना ते सावरावं लागलं. “चढवा, दोघींना चढवा बोटीत. आणि जपून, हात तुटायला नकोत.”

“पण महाराज,” दिवाणजी हळूच म्हणाले, “त्या बांगड्या?”

“हातांत घालायला घेतल्या होत्या, हातांत गेल्या. आता त्या तिथंच राहतील. तुमचे हात रिकामे दिसतायत दिवाणजी, तुम्ही घुबडं घ्या.”