बर्गे सरांची भिंत

सांगलीत बर्गे सरांचं परदेशी पाठवण्याचं ऑफिस होतं आणि त्या ऑफिसात एक भिंत होती. भिंतीभर निघालेल्या पोरापोरींचे फोटो: खांद्यावर शाल, हातात नारळ, शेजारी सर पेढा भरवताहेत.

फिजिओथेरपिस्ट ऋजुताला तिकडच्या हॉस्पिटलात काम करायचं होतं. तिथली परीक्षा देऊन नोकरीच्या व्हिसावर जाण्याचा रस्ता सरळ होता, पण वेळखाऊ. शिवाय त्यात सरांना काहीच सुटत नव्हतं. त्यांना कमिशन द्यायची ती तिकडची कॉलेजं. म्हणून त्यांनी विद्यार्थी व्हिसा पुढे केला. कोर्स कसला, तर हॉटेल चालवण्याचा!

“एकदा आत शिरलीस की मिळते गं नोकरी!” ऋजुता परीक्षेचं बोलू लागली, तसे सर तिच्या वडिलांकडे वळले. “कोठावळेसाहेब, पोरगी फार शंका काढते. ती भिंत बघ म्हणावं. आणखी काय पुरावा हवा?”

वडिलांनी कोर्सच्या फॉर्मवर सहीसाठी पेन काढलं. ऋजुता उठून भिंतीजवळ गेली.

“सर, प्रत्येक फोटोत मागे तुमचंच टेबल आहे. हे सगळे जातानाचे झाले. तिथे आपल्या कामावर उभा असलेला एक जण दाखवा, बाबा आत्ता सही करतील.”

सर हसले. “तिकडे गेल्यावर पोरं आम्हाला विसरतात हो.”

“सगळीच?”

वडिलांनी पेन खिशाला लावलं.

बाहेर बाकावरच्या सगळ्यांनी हे ऐकलं होतं. तरी पुढचा मुलगा आत गेलाच. बापलेक जिना उतरत होते, तेव्हा वर भिंतीत नवा खिळा ठोकल्याचा आवाज आला.